फुटलेल्या ताऱ्याची तसबीर

आपल्या घरांतल्या दिवाणखान्याच्या भिंती वर्षानुवर्षे ठरलेल्या आहेत. एकीकडे काबा शरीफ, दुसरीकडे मदिन्याचा हिरवा घुमट, दाराच्या वर आयतुल कुर्सी, आणि घरात कुणी हौशी असले तर काळ्या मखमलीवर सोनेरी जरीने काढलेला एखादा तुगरा. जानदाराची चित्रे भिंतीवर नकोत, हा बहुतेक घरांचा शिरस्ता. त्यामुळे सजावटीला उरते ती लिपी, वेलबुट्टी आणि निसर्ग.

गेल्या काही वर्षांत या भिंतींवर एक नवे चित्र येऊ लागले आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर नारिंगी दोऱ्यांचा गुंता आणि आत निळसर उजेड. कापसाच्या जाड कागदावर छापलेले, पांढरा माउंट, बारीक काळी चौकट. फ्रेमवाल्याकडे विचारले तर ‘गॅलेक्सीचा फोटो’ असे सांगतात. तो गॅलेक्सीचा नसतो. बहुतेक वेळा तो एका फुटलेल्या ताऱ्याचा असतो.

माझ्या भाच्याने असेच एक चित्र नव्या फ्लॅटमध्ये लावले. आमच्या अम्मी, म्हणजे त्याची दादी, घर पाहायला गेल्या. चष्मा पुसून त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिले.

“यात जानदार काही नाही ना, बेटा?”

“नाही दादी. तारा आहे. फुटलेला.”

“फुटकी वस्तू घरात कशाला टांगलीस?” आणि मग जरा थांबून, “आणि हे रंग? खरे का हे?”

भाचा इंजिनिअर आहे, पण या प्रश्नावर गप्प झाला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांनासुद्धा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पटकन देता येत नाही. म्हणून हा लेख.

सगळ्यात जास्त छापले जाणारे चित्र आहे खेकडा तेजोमेघाचे. मेसियर नावाच्या फ्रेंच निरीक्षकाने अठराव्या शतकात आकाशातल्या धुरकट ठिपक्यांची जी यादी केली, तिच्यात याचा पहिला क्रमांक, म्हणून त्याला ‘एम १’ असेही म्हणतात. खेकडा हे नाव पडले ते आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी १८४४ च्या सुमारास काढलेल्या रेखाटनामुळे; त्यात तो नांग्या पसरलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. आज चित्रात पाहिले तर खेकडा कुठेच दिसत नाही. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

भाच्याच्या भिंतीवरचे चित्र हबल दुर्बिणीचे. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत वेगवेगळ्या वेळी घेतलेली २४ छायाचित्रे जोडून ते तयार झाले आणि डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झाले. तेजोमेघ आपल्यापासून साधारण ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. चित्रात त्याची रुंदी हातभर दिसते, प्रत्यक्षात ती सहा प्रकाशवर्षांच्या घरात आहे. नारिंगी दोरे म्हणजे ताऱ्याच्या चिंध्या. त्यात मुख्यतः हायड्रोजन. ते अजूनही सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने बाहेर पळत आहेत. मधोमध उरला आहे ताऱ्याचा गाभा. एखाद्या शहराएवढा गोळा, पण वजन आपल्या सूर्याहून जास्त, आणि स्वतःभोवती सेकंदाला तीस फेऱ्या. आतला निळसर उजेड त्याच्याच चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिनेही या गोळ्याचे रेडिओ ठोके टिपले आहेत. फेब्रुवारीअखेरीस विज्ञान दिनाला तिथे मोठे प्रदर्शन भरते. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

हा तारा फुटल्याचे पृथ्वीवर कधी दिसले, त्याची तारीखही माहीत आहे. चीनच्या दरबारी ज्योतिषांनी ४ जुलै १०५४ ची नोंद करून ठेवली. शुक्रासारखा तो तारा २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ पावणेदोन वर्षे. पुढे १९२८ मध्ये एडविन हबल यांनी (दुर्बिणीला ज्यांचे नाव आहे तेच) तेजोमेघाच्या फुगण्याच्या वेगावरून हिशेब केला आणि त्याचे वय नऊशे वर्षांच्या आसपास सांगितले. दोन्ही हिशेब जुळले. आपल्या देशातल्या जुन्या ग्रंथांत याचा उल्लेख सापडतो का, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. सरोजा भाटे यांनी घेतला होता. २००१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही.

अरबी भाषेत मात्र एक नोंद आहे, आणि तिच्यामागे एक मजेदार भांडण आहे.

नोंद करणारा इब्न बुतलान हा बगदादचा ख्रिस्ती हकीम. अरबीत लिहिणारा, मोठा विनोदी माणूस. हकिमांच्या मेजवानीवर त्याने एक चुरचुरीत पुस्तक लिहिले आहे. १०५४ मध्ये तो कुस्तुंतुनियात होता. हिजरी ४४६ मध्ये मिथुन राशीत, म्हणजे बुर्जे जौजामध्ये, एक ठळक तारा प्रकट झाला आणि त्याच काळात मोठी साथ आली, अशी त्याची टिपण आहे. साथीचे खापर त्याने ताऱ्यावर फोडले. तो त्या काळाचा रिवाज होता. पण साल आणि जागा दोन्ही चिनी नोंदीशी जुळतात. ही टिपण इब्न अबी उसैबिया यांनी तेराव्या शतकात हकिमांच्या चरित्रांचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात उतरवून घेतली, म्हणून वाचली.

आता भांडण. त्याआधी चारपाच वर्षे इब्न बुतलान काहिऱ्यात गेला होता. तिथे मुख्य हकीम होते अली इब्न रिदवान. गिझाच्या एका गरीब भटियाऱ्याचा हा मुलगा. शिक्षणासाठी पैसे नव्हते, तेव्हा रस्त्यावर बसून लोकांचे ग्रह पाहून पोट भरले आणि उस्तादाशिवाय, केवळ किताबांवरून हिकमत शिकले. दोघांची जुंपली. सुरुवात कशावरून, तर कोंबडीचे पिल्लू जास्त उष्ण प्रकृतीचे की दुसऱ्या पक्ष्याचे! तिथून गाडी घसरली ती रूपावर, अकलेवर आणि शेवटी या मुद्द्यावर, की इल्म उस्तादाकडून घ्यावे की पुस्तकातून. इब्न रिदवान म्हणत, पुस्तक पुरे. इब्न बुतलान म्हणे, उस्तादाशिवाय वाचलेले पुस्तक माणसाला चुकवते. पत्रांवर पत्रे झाली आणि ती पत्रे आजही उपलब्ध आहेत. मी पेशाने शिक्षिका, त्यामुळे माझे मत कुणाकडे झुकते ते वेगळे सांगायला नको.

गंमत अशी की या अली इब्न रिदवान यांनीही तरुणपणी एक फुटलेला तारा पाहिला होता, आणि इब्न बुतलानच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. हिजरी ३९६, म्हणजे इसवी १००६. तेव्हा ते नुकते शिकू लागले होते. पुढे टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांनी ते दृश्य मांडले: वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात, सूर्याच्या नेमके समोर, आकाराने शुक्राच्या अडीच-तीनपट, उजेड चंद्राच्या उजेडाच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. शिवाय त्या दिवशी इतर ग्रह कोणत्या अंशावर होते, तेही सगळे लिहून ठेवले. त्या अंशांवरून आजच्या संशोधकांना दिवससुद्धा काढता आला: ३० एप्रिल १००६. माणसाने लिहून ठेवलेल्या इतिहासातला हा सगळ्यात तेजस्वी तारा. चीन, जपान, स्वित्झर्लंडचा एक मठ, सगळीकडे नोंदी आहेत. पण अंश देऊन, तुलना देऊन लिहिलेली अशी नोंद इब्न रिदवान यांचीच. त्या ताऱ्याच्या अवशेषाचा एक बारीकसा तुकडा हबलने टिपला आणि २००८ मध्ये जाहीर झाला. अंधारात तरंगणारी तांबूस रिबीन. हे चित्रही छापील मिळते आणि माझ्या मते खेकड्यापेक्षा सुंदर आहे.

तोच तारा इब्न सिना यांनीही पाहिला असावा. ‘किताबुश्शिफा’मध्ये त्यांनी एका अशा ताऱ्याचे वर्णन केले आहे, जो जवळपास तीन महिने राहिला, आधी काळपट-हिरवट, मग ठिणग्या टाकू लागला, मग पांढुरका होत होत मावळला. जर्मनीतल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी या मजकुराकडे लक्ष वेधले. त्यात रंग आहेत, ही मोलाची गोष्ट, कारण ते डोळ्यांनी पाहिलेले रंग आहेत. आता अम्मींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

भिंतीवरच्या चित्रातले रंग डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. हबलचा कॅमेरा रंगीत फोटो काढतच नाही. तो काळ्या-पांढऱ्यातच पाहतो, पण दरवेळी भिंगापुढे एक गाळणी असते. एक गाळणी फक्त ऑक्सिजनच्या एका प्रकारचा उजेड आत सोडते, दुसरी गंधकाचा, तिसरी आणखी कशाचा. असे वेगवेगळे काळे-पांढरे फोटो आले की तज्ज्ञ प्रत्येकाला एकेक रंग देतात आणि एकावर एक ठेवतात. खेकड्याच्या चित्रात साध्या ऑक्सिजनला निळा रंग दिला, आयनीभूत गंधकाला हिरवा आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनला लाल. प्रत्यक्षात पहिल्या दोघांचा उजेड तांबडा असतो आणि तिसऱ्याचा हिरवट. म्हणजे चित्रात जिथे लाल दिसते तिथे खरे तर हिरवे, आणि जिथे निळे-हिरवे दिसते तिथे तांबडे!

नववीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक मुलगा ताडकन म्हणाला, “मॅडम, मग नासा फसवते?”

नाही. घरात कुणाची हृदयाची टू-डी इको किंवा बाळंतपणातली कलर डॉपलर सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद काढून पाहा. त्यात रक्त लाल आणि निळे दिसते. रक्त निळे नसते, आणि डॉक्टर फसवतही नाहीत. मशीनच्या दिशेने येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे, असा तो संकेत आहे. संकेत माहीत असलेल्याला त्यावरून झडप गळते की नाही ते कळते. ताऱ्याच्या चित्राचेही तसेच. कुठे गंधक जास्त, कुठे ऑक्सिजन, दोरा कुठे पुढे आहे आणि कुठे मागे, हे अभ्यासकाला रंगांवरून वाचता येते. आकार खरा, दोरे खरे, त्यांच्या जागा खऱ्या. रंग ही लिपी आहे, आणि लिपी माणसाने ठरवलेली असते.

हे मला इतके लांबवून सांगावे लागते त्याला कारण आहे. दर रमजानमध्ये माझ्या मोबाइलवर एक चित्र येते. लाल पाकळ्यांचे, मध्ये हिरवट झाक असलेले गुलाबाचे फूल. खाली सूरह रहमानमधील आकाश फाटण्याची आयत आणि मजकूर असा, की नासाने ३१ ऑक्टोबर १९९९ ला हा फुटलेला तारा जगाला दाखवला, आणि कुरआनने तो चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितला. हे चित्र छापूनही विकतात, आयतीसह. चांगल्या चांगल्या घरांत पाहिले आहे.

पाठवणाऱ्यांच्या नियतीवर मी शंका घेत नाही. पण चित्र कशाचे आहे? ते मांजराक्ष तेजोमेघाचे, १९९४ मध्ये हबलने घेतलेले. पहिली गोष्ट, तो खेकड्यासारखा स्फोटाने उडालेला तारा नाही. सूर्यासारखा एक तारा म्हातारपणी आपले थर हळूहळू बाहेर सोडतो आहे. दुसरी, त्यातला लाल रंग हायड्रोजनला, हिरवा नायट्रोजनला आणि निळा ऑक्सिजनला दिलेला आहे. त्या तिन्हींचा खरा उजेड तांबड्याच्याच एका अरुंद पट्ट्यातला. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर हाच तेजोमेघ निळसर-हिरवा ठिपका दिसतो, कारण आपला डोळा दुसऱ्याच ऑक्सिजनचा उजेड पकडतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हबलने याच तेजोमेघाचे आणखी बारकाईचे चित्र २००४ मध्ये जाहीर केले. गाळण्या वेगळ्या, रंग वेगळे. त्यात भोवती एकात एक निळसर कडी दिसतात. गुलाब कुठे गेला?

म्हणूनच मला भीती वाटते. आयत कयामतच्या दिवसाविषयी आहे. तीन हजार प्रकाशवर्षांवरून, तीन हजार वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाविषयी नाही. उद्या कॉलेजात जाणारी मुलगी ते २००४ चे चित्र पाहील आणि विचारेल, “अब्बा, तुम्ही तर गुलाब दाखवला होता.” तेव्हा तिच्या मनात शंका चित्रावर येणार नाही, दुसऱ्याच गोष्टीवर येईल. प्रयोगशाळेतल्या माणसाने दिलेल्या रंगावर आपण ईमान का टांगावे? काबा शरीफच्या तसबिरीखाली आपण असा पुरावा मागत नाही.

अम्मींचा पहिला प्रश्न राहिला. फुटकी वस्तू घरात कशाला? त्यांना मी एवढेच सांगितले, की तुमच्या तव्यातले लोखंड, रक्तातले लोखंड, हे असेच तारे फुटून आले. सूर्य आणि जमीन तयार होण्याआधी कितीतरी तारे फुटले, त्यांची राख गोळा झाली. अम्मींनी ‘सुबहानल्लाह’ म्हटले आणि लगेच विचारले, की चित्राला पैसे किती पडले. आकडा ऐकून मात्र त्यांना धक्का बसला.

त्या बाबतीत अम्मींचे बरोबर होते. हबल आणि नव्या जेम्स वेब दुर्बिणीची चित्रे अधिकृत संकेतस्थळांवर पूर्ण आकारात मोफत मिळतात. श्रेय नमूद केले की घरात लावायला आडकाठी नाही. तेव्हा तुम्ही पैसे देता ते कागद, शाई आणि चौकटीचे. मोबाइलवर आलेली प्रत छापायला देऊ नका, ती आकसलेली असते. मूळ फाइल उतरवून पेनड्राइव्हवर न्या. खेकड्याच्या मूळ चित्रात एका बाजूला ३,८०० हून जास्त बिंदू आहेत. तेवढ्यात एक फुटाचे चित्र अगदी कोरीव येते. दोन फुटांपर्यंत वाढवले तरी चार पावलांवरून चांगले दिसते. त्यापुढे ताणू नये.

छपाई फ्लेक्सवाल्याकडे नको, चांगल्या फोटो लॅबमध्ये करावी. अशा चित्रात खरी कसोटी काळ्या रंगाची. स्वस्त छपाईत काळा तपकिरी किंवा हिरवट उतरतो आणि सगळे आकाश चिखलासारखे दिसते. आधी वीतभर तुकडा छापून घ्या आणि उन्हात नेऊन पाहा. शाई पिगमेंटची आहे का, हे विचारा; डायची शाई लवकर उडते. कागद मॅट घ्या, कारण चकचकीत कागदावर काळे चित्र म्हणजे आरसा. समोर खिडकी असली तर ताऱ्याऐवजी पडदेच दिसतात. थेट ऊन येते ती भिंत टाळावी.

आणि विकत घेताना एक पाहा: चित्राखाली पिंडाचे नाव, दुर्बिणीचे नाव आणि साल आहे का. हल्ली संगणकाने मनाने रचलेले तेजोमेघही ‘खगोल चित्र’ म्हणून विकले जातात. भिंतीवर ते वाईट दिसतात असे नाही, पण तो कुठलाच तारा नव्हे. भाच्याने शेवटी खालच्या माउंटवर बारीक अक्षरांत लिहून घेतले: खेकडा तेजोमेघ, हबल, १९९९-२०००, रंग सांकेतिक. मी त्याला आणखी एक ओळ सुचवली, हिजरी ४४६. तीही त्याने उर्दूत लिहिली, अक्षर थोडे तिरके आले.

मूळ जागा पाहायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. इशाच्या नमाजनंतर, शहराच्या दिव्यांपासून दूर. आधी कृत्तिकांचा पुंजका शोधा, अरबीत सुरैय्या. तिच्या मागोमाग येणारा तांबूस तारा म्हणजे रोहिणी; अरबांनी त्याला अद्-दबरान म्हटले, मागून येणारा. तिथून वृषभाची दोन शिंगे निघतात. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला एक मध्यम तारा आहे, त्याला लागूनच, जेमतेम दोन चंद्रांच्या अंतरावर, खेकडा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शाळेच्या लहान दुर्बिणीतून दिसतो तो करडा, धुरकट डाग. रंग अजिबात नाही. चित्र आधी पाहिलेल्या मुलांचा थोडा हिरमोड होतो. त्यांना वीस मिनिटे मोबाइल न उघडता अंधारात थांबायला सांगावे आणि मग डागाकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवायला सांगावी. मग त्याची लांबट कड दिसू लागते.